वार चिकटलेली असताना सिझर: पूर्ण भूल की पाठीतलं इंजेक्शन?

शेवंता:
इथे डॉक्टर मंडळी बरीच आहेत आणि यातून गेलेल्या बायकाही असतील म्हणून धागा काढतेय. माझी धाकटी जाऊ, वय ३२, आधीची दोन्ही बाळंतपणं सिझर, आता तिसऱ्यांदा दिवस आहेत, ३० आठवडे झालेत. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच वार (प्लासेंटा) खाली आहे म्हणाले होते, तेव्हा 'सरकेल वर' असं सगळ्यांनीच धरलं. ती सरकली नाहीच, आणि आता डॉपलर आणि एमआरआय करून म्हणतायत की वार जुन्या टाक्यांच्या जागी गर्भपिशवीत रुतलीये, रिपोर्टवर प्लासेंटा इन्क्रीटा लिहिलंय, मूत्राशयाच्या बाजूलाही शंका आहे. संगमनेरच्या मॅडमनी सरळ सांगितलं की हे मी इथे करणार नाही, पुण्याला जा. पुण्यात गेलो तर तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या बहुतेक पूर्ण भूल द्यावी लागेल आणि पिशवी काढावी लागणार हे धरूनच चाला.

पिशवीचं तिने पचवलंय. पण पूर्ण भूल म्हटल्यावर घरात जे सुरू झालंय ते विचारू नका. सासूबाईंच्या मते पूर्ण भुलीतून माणूस उठेलच असं नाही, दीर रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर वाचत बसतात आणि सकाळी नवीन भीती घेऊन उठतात, काल म्हणे अमेरिकेच्या सरकारनेच इशारा दिलाय की भुलीचा बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. आणि जाऊबाईचं एकच चाललंय, मागच्या दोन्ही वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, बाळ लगेच दाखवलं, मग यावेळीच का नाही. मलाही खरं कळत नाहीये की यातच वेगळं काय असतं. कुणी नीट समजावेल का? प्लीज घाबरवू नका, ते काम घरात जोरात सुरू आहे.

आंबेहळद:
शेवंता, तुझ्या जाऊला खूप शुभेच्छा. वार चिकटल्याचं माहीत नाही पण माझं दुसरं सिझर पूर्ण भुलीत झालं होतं, प्लेटलेट्स फार कमी होत्या म्हणून पाठीत इंजेक्शन देता येत नाही म्हणाले. उठले, ठणठणीत आहे. दोन दिवस घसा खवखवत होता आणि जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे कळायला वेळ लागला, बाकी काही नाही. लेक आता चौथीत आहे आणि डोकं माझ्यापेक्षा जास्त चालतं.

रिकामटेकडा:
(प्रतिसाद संपादकांनी काढला आहे)

गुहागरी:
बरं झालं काढला. दोन सिझर झाल्यावर तिसरं कशाला हे विचारायची ही वेळ आहे का, आणि विचारणारे तुम्ही कोण. शेवंता तू लक्ष देऊ नको, भूलोबा कुठे आहेत त्यांना कुणीतरी हाक मारा.

भूलोबा:
आलो. काल लांबलचक ड्युटी होती.

आधी डिस्क्लेमर, मी तुमच्या जाऊबाईंचे पेपर पाहिलेले नाहीत, निर्णय त्यांना बघणाऱ्या टीमचाच. पण यात वेगळं काय ते सांगतो.

एरवी बाळ निघालं की वार आपोआप सुटते, पिशवी आवळते आणि वारेखालच्या उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानेच दाबल्या जाऊन बंद होतात. जुन्या सिझरच्या व्रणावर आतलं अस्तर नीट नसतं. भिंतीच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवतं तशी वार तिथे थेट स्नायूत मुळं घालते. नुसती चिकटली तर ॲक्रीटा, स्नायूत शिरली तर इन्क्रीटा, पार बाहेर पडून मूत्राशयापर्यंत गेली तर परक्रीटा. अशी वार सुटत नाही आणि कुणी ओढली तर निम्मी निघते, निम्मी राहते आणि नळ उघडतो. दिवस भरत आलेले असताना पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. बाईच्या अंगात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास. गणित तुम्हीच करा. म्हणून भूल कुठली हा प्रश्न या आजारात रक्तस्राव किती होणार या प्रश्नाच्या शेपटीला बांधलेला असतो.

आता पाठीतलं इंजेक्शन. साध्या सिझरला तेच उत्तम, यात दुमत नाही, मी स्वतः शंभरातल्या नव्वदहून जास्त बायकांना तेच देतो. पण त्याने कंबरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, जे एरवी आम्ही औषधाने सहज सांभाळतो. मोठा रक्तस्राव झाला की शरीर स्वतः रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवायला बघतं, ती सोयच आपण बंद केलेली असते. दुसरं म्हणजे वेळ. एका इंजेक्शनचा असर दीड-दोन तास धरा, हे ऑपरेशन तीन-चार तास सहज जातं, काही वेळा त्याहून जास्त. पाठीत एपिड्युरलची बारीक नळी ठेवली तर औषध पुन्हा पुन्हा देता येतं हे खरं, पण चीर बहुधा उभी असते आणि बेंबीच्याही वर जाते, तिथवर बधिरपणा नीट पोचवायचा, बाई टेबलावर जागी, थंडीने कुडकुडतेय, उलटी येतेय, चारी बाजूंनी माणसं ओरडतायत रक्त आणा रक्त आणा. तिसरं, फार रक्त गेलं की ते गोठेनासं होतं, आणि त्या अवस्थेत पाठीतली नळी काढणं धोक्याचं, मणक्यात रक्त साचू शकतं, म्हणून रिपोर्ट सुधारेपर्यंत ती तशीच ठेवावी लागते.

आणि सगळ्यात मोठं कारण, जे पेशंटला सहसा कुणी सांगत नाही. जागं ठेवून सुरू केलं आणि मधेच बिघडलं तर त्याच क्षणी आम्हाला पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणजे बीपी ६० वर आलंय, भराभर सलाईन आणि रक्त दिल्याने घसा आतून सुजलाय आणि अशात श्वासनळीत नळी घालायची. हेच काम सकाळी शांतपणे, सगळं ठीक असताना केलेलं कधीही बरं, असं मानणारे बरेच जण आहेत. तुमच्या मॅडम बहुधा त्यातल्या असाव्यात.

शेवंता:
भूलोबा खूप खूप धन्यवाद, हे एवढं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पण मग पूर्ण भुलीत धोका नाही का? सासूबाई म्हणतात ते अगदीच खोटं आहे का?

भूलोबा:
अगदीच खोटं नाही, जुन्या अनुभवावर आधारलेलं आहे. गरोदर बाईत पूर्ण भूल इतरांपेक्षा अवघड असतेच. घशाच्या आतलं अस्तर सुजलेलं असतं, फुप्फुसांना खालून पिशवीने रेटलेलं असतं त्यामुळे श्वास थांबला की ऑक्सिजन भराभर उतरतो, आणि पोटातलं आम्ल वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. हे शेवटचं मेंडेलसन नावाच्या डॉक्टरने १९४६ साली लिहून ठेवलं, म्हणूनच बाळंतिणीला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात. श्वासनळीत नळी घालणं न जमण्याचं प्रमाण बाळंतपणाच्या पूर्ण भुलीत दर ३९० मागे साधारण एक असं २०१५ च्या एका आढाव्यात आहे. नळी गेली नाही म्हणजे पेशंट गेला असं अजिबात नाही, त्यापुढचे टप्पे ठरलेले असतात, दुसरी साधनं हाताशी असतात, घशात बघायचा कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोपही आता बऱ्याच ठिकाणी आहे. पण म्हणूनच साध्या सिझरला आम्ही उगाच झोपवत नाही.

बाळाबद्दल. झोपेचं औषध वारेतून बाळाकडे जातं, स्नायू ढिले करणारं जवळजवळ जात नाही, आणि अफूवर्गातली वेदनाशामकं आम्ही शक्यतो नाळ कापेपर्यंत देत नाही. साध्या सिझरला पोट रंगवून, कपडे टाकून, सर्जन हातात सुरी घेऊन उभे राहिले की मगच भूल सुरू होते, बाळ काही मिनिटांत बाहेर. वार रुतलेली असताना मात्र सर्जन वार टाळून वरच्या बाजूला चीर घेतात, आधी मूत्रनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालतात, कधी पिशवीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून वारेची कड शोधतात, त्यात वेळ जातो आणि बाळ थोडं गुंगीत निघू शकतं. रडायला उशीर, श्वासाला मदत, इतपत. बालरोगतज्ज्ञ शेजारीच उभे असतात. औषध उतरलं की ते जागं होतं. या बाळांना खरा त्रास होतो तो लवकर जन्मल्याचा, भुलीचा नाही.

दिराने वाचलेला इशारा खरा आहे, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ च्या डिसेंबरात दिलेला. पण तो तीन तासांपेक्षा जास्त किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलीबद्दल आहे. इथे ऑपरेशन तीन तास चाललं तरी बाळ त्यातल्या सुरुवातीच्या भागातच बाहेर आलेलं असतं. दिरांना सांगा मोबाईल ठेवा आणि रक्तदाते शोधा, त्याचा उपयोग आहे.

नलूकाकू:
रिटायर्ड स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, थोडं माझ्या बाजूचं लिहिते. आम्ही शिकत होतो तेव्हा अशी वार म्हणजे पुस्तकातली गोष्ट, वर्षानुवर्षं दिसायची नाही. आता का दिसते तर सिझर वाढली म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझर होती, खाजगीत ४७.४ टक्के. पहिलं सिझर 'मुहूर्तावर' करून घेणाऱ्यांना तिसऱ्या खेपेची वार कुठे बसेल हे कोण सांगतं? (आता यावर दोन्ही बाजूंनी भांडण होईल, करा खुशाल, पण दुसऱ्या धाग्यावर.) आकडे हवेच असतील तर अमेरिकेतला २००६ चा मोठा अभ्यास आहे. वार खाली असेल आणि हे पहिलंच सिझर असेल तर ती रुतलेली असण्याचा धोका ३ टक्के, दुसरं असेल तर ११, तिसरं असेल तर ४०, चौथं असेल तर ६१. शेवंताची जाऊ तिसऱ्यात. संगमनेरच्या त्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांगा, 'माझ्याकडे नाही करणार' म्हणायला हिंमत लागते.

ऑपरेशन असं असतं: उभी चीर, वार टाळून बाळ बाहेर, नाळ बांधायची आणि वारेला हात लावायचा नाही. पिशवी शिवून वारेसकट काढून टाकायची. बीजकोश ठेवतात, त्यामुळे पाळी बंद होते पण लगेच रजोनिवृत्ती येत नाही, हे तिला नक्की सांगा. वार आत तशीच ठेवून पोट बंद करायचा पर्यायही असतो, फ्रान्समध्ये त्याचा बराच अनुभव आहे, पण नंतर कित्येक महिने जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाची टांगती तलवार, रोज हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर राहावं लागतं. तिसरं मूल असेल तर मी सुचवणार नाही.

तारीख साधारण ३४ ते ३६ आठवड्यांत घेतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांपैकी अमेरिकन कॉलेज ३४ ते ३५ आठवडे ६ दिवस म्हणतं, इंग्लंडचं रॉयल कॉलेज ३५ ते ३६ आठवडे ६ दिवस. पूर्ण दिवस भरू देत नाहीत कारण कळा किंवा रक्तस्राव सुरू होऊन रात्री दोनला धावपळ करण्यापेक्षा सकाळी आठला सगळी टीम उभी असलेली बरी. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं आधी देतात.

बर्मिंगहॅमकर:
मी इकडे इंग्लंडमध्ये भूल विभागातच आहे. भूलोबांच्या पोस्टशी बराचसा सहमत पण एक बाजू राहिली असं वाटतं. आमच्याकडे ठरवून होणाऱ्या बऱ्याच केसेस पाठीतल्या भुलीवर सुरू करतात, स्पायनल (एकदाच द्यायचं इंजेक्शन) आणि एपिड्युरल दोन्ही एकत्र, बाळ बाहेर येतं, आई बघते, वडील शेजारी बसलेले असतात. मग वडिलांना बाहेर नेतात आणि पुढे मोठं काम आहे असं दिसलं तर आईला शांतपणे झोपवतात, रक्तस्राव सुरू व्हायच्या आधी. धावपळीत भूल बदलायची आणि ठरवून टप्प्याने बदलायची यात फरक आहे. बाळाला औषध कमी जातं, आणि भुलीच्या गॅसमुळे पिशवी सैल पडते तेही सुरुवातीला टळतं.

शिवाय पूर्ण भुलीच्या सिझरमध्ये ऑपरेशन सुरू असताना पेशंटला अर्धवट जाग असल्याचं प्रमाण इतर ऑपरेशनांपेक्षा जास्त आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत सिझरला ६७० मागे एक आलं होतं, सगळ्या ऑपरेशनांचा मिळून १९,००० मागे एक. कारण तेच, बाळासाठी आणि पिशवीसाठी औषध हात राखून दिलं जातं.

भूलोबा:
मान्य. टप्प्याटप्प्याने करणं मलाही आवडतं, जिथे जमतं तिथे. जमणं म्हणजे काय तर दोन अनुभवी भूलतज्ज्ञ, धमनीत आणि मानेत लाईन आधीच घातलेली, रक्त गरम करून वेगाने द्यायचं मशीन, रक्तपेढी त्याच इमारतीत. आमच्या कॉलेजात रात्री एक सिनियर आणि दोन रेसिडेंट असतात, आणि शेजारच्या टेबलावर अपघाताची केस सुरू असते. तिथे मी नळी आधीच घालून ठेवतो आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. वार फक्त एका कोपऱ्यात चिकटलीये, बाकी बाई धडधाकट, तर पाठीतूनच. परक्रीटा, मूत्राशय गुंतलेलं, आधीच रक्त चाललंय, तर झोपवूनच. मधल्यांसाठी भांडायला जागा आहे, आणि आम्ही भांडतोच.

जाग राहण्याबद्दल, बाळ निघाल्यावर आम्ही गॅस कमी करून प्रोपोफॉल या झोपेच्या औषधाचं इन्फ्युजन लावतो, मेंदूच्या लहरी दाखवणारा मॉनिटर असेल तर लावतो. आणि पिशवी काढायचीच ठरली की ती सैल पडण्याची चिंता तितकी राहत नाही. उलट पिशवी आवळण्याचं ऑक्सिटोसिन अशा केसमध्ये बाळ निघाल्या निघाल्या सवयीने द्यायचं नसतं, पिशवी आवळली की वार अर्धवट सुटायला लागते. नवीन रेसिडेंटचा हात आपसूक त्या सिरिंजकडे जातो, तो धरावा लागतो :)

टेक्सासकर:
माझा अनुभव लिहिते कारण तो वरच्यापेक्षा वेगळा आहे. मला इकडे ह्यूस्टनमध्ये झालं होतं, ॲक्रीटा. अगदी बर्मिंगहॅमकर म्हणतात तसंच केलं, एपिड्युरल, नवरा शेजारी, बाळ बघितलं, गालाला गाल लावला. सगळे म्हणाले किती छान. आणि मग नवऱ्याला बाहेर नेलं आणि मास्क लावायच्या आधीची ती पाच-दहा मिनिटं मला अजून स्वप्नात येतात. पडद्यापलीकडे सक्शनचा आवाज बदलला होता, माणसांचे आवाज बदलले होते, मी विचारतेय काय झालं आणि सगळे गोड बोलतायत. मला नंतर काउन्सेलिंग घ्यावं लागलं. माझ्या खोलीतली दुसरी बाई सुरुवातीपासून झोपलेली होती, तिला बाळ दुसऱ्या दिवशी दिसलं, तिचं दुःख वेगळं. म्हणून शेवंता, तुझ्या जाऊला दोन्ही सांग. बाळ बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे पण ती फुकट मिळत नाही.

आंबेहळद:
टेक्सासकर, हे लिहिलंस म्हणून थँक्यू. इतकं खरं कुणी लिहीत नाही.

नाशिकवाली:
मी वाचत होते, लिहू की नको असं झालं होतं, शेवंताने घाबरवू नका म्हटलंय. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या मामेबहिणीचं एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात झालं, नाव लिहीत नाही. सोनोग्राफीत वार खाली इतकंच होतं, चिकटल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भूल द्यायला बाहेरून डॉक्टर येतात ना, तसे आले, टेबलावरच पहिली भेट, पाठीत इंजेक्शन दिलं, बाळ निघालं, वार सुटेना म्हणून ओढली. पुढचं लिहीत नाही. तिथे रक्ताची एकच पिशवी होती, दुसरी आणायला माणूस बाईकवर शहरात गेला. भूल देणाऱ्या त्या डॉक्टरांनीच तिला वाचवलं असं सगळे म्हणतात, एका हाताने श्वास देतायत आणि दुसऱ्याने फोनवर ॲम्ब्युलन्स बोलावतायत. ती आहे, ठीक आहे. पण ज्यांचं आधी सिझर झालंय आणि वार खाली आहे त्यांनी कृपया छोट्या जागी थांबू नका, डॉक्टर कितीही ओळखीचे असले तरी.

रक्तमित्र:
इथे रक्ताचा विषय निघालाच आहे तर, मी रक्तदान शिबिरं भरवतो. शेवंताताई, रक्तगट कोणता आहे? निगेटिव्ह असेल तर आत्तापासून तयारी करा, आपल्याकडे निगेटिव्ह गटाची माणसं पाच-सहा टक्केच. सहा-आठ पिशव्यांची तयारी ठेवा म्हणाले तर घाबरू नका, लागतीलच असं नाही. पॅक सेल (वेगळ्या केलेल्या लाल पेशी) साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात म्हणून लाल रक्ताचे दाते आधी पाठवून चालतं, प्लेटलेट्स मात्र ५ दिवसच टिकतात, त्यांचे दाते त्याच आठवड्यात तयार ठेवायचे. गोठवलेला प्लाझ्मा वितळवायला अर्धा तास जातो, म्हणून रक्तपेढीला ऑपरेशनची तारीख आणि वेळ आधी कळलेली हवी, नुसतं 'लागलं तर सांगू' चालत नाही. आणि सरकारी हॉस्पिटलात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत आहे, २०११ पासून, कुणी पैसे मागितले तर विचारा.

शेवंता:
बी निगेटिव्ह आहे. हो, तेच.

रक्तमित्र:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पुणे आणि नगर दोन्हीकडे ओळखी आहेत, यादी करू.

भूलोबा:
निगेटिव्ह आहे तर रक्तातल्या अँटिबॉडीजची चाचणी आधीच करून घ्या, आधीच्या बाळंतपणांमुळे त्या असू शकतात आणि मग जुळणारं रक्त शोधायला वेळ लागतो. हिमोग्लोबिन किती आहे? गोळ्यांनी वाढत नसेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात, अजून आठवडे हातात आहेत. ११ वर सुरुवात करणं आणि ८ वर सुरुवात करणं यात दोन-तीन पिशव्यांचा फरक पडतो.

आणि भूलतज्ज्ञांची वेगळी अपॉइंटमेंट मागा, नवरा-बायको दोघं जा. त्यांना विचारा की सुरुवात कशाने करणार आणि कुठल्या वेळी बदलणार, अचानक रात्री रक्त सुरू झालं तर कुणाला फोन करायचा, ऑपरेशननंतर रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवणार का. हे शेवटचं आधी माहीत असलं की आयसीयूच्या काचेतून नळी बघून घरचे कोसळत नाहीत. आधीच्या सिझरच्या वेळी काही त्रास झाला असेल, दातांची कॅप असेल, दमा असेल, सगळं सांगा. तंबाखूची मिश्री लावत असेल तर तेही, लाजू नका.

शेवंता:
मंडळी अपडेट. दोघं जाऊन भेटून आले, मी पण गेले होते. मॅडम फार छान बोलल्या, पाऊण तास दिला. जाऊबाईने इथलं वाचून प्रश्न लिहून नेले होते. मॅडम म्हणाल्या दोन्ही करता येईल, पण मूत्राशयाजवळ वार गेलेली असल्याने आणि आधी स्टेंट घालायचे असल्याने त्यांचा कल झोपवण्याकडे आहे, तरी तुझं मत सांग. टेक्सासकर, तुमची पोस्ट तिने दोनदा वाचली होती. ती म्हणाली मला झोपवाच, मी ऐकत पडून राहू शकणार नाही. सासूबाई अजून कुरकुरतायत पण तिने स्वतः ठरवल्यामुळे आता घर शांत आहे. ३४ आठवडे पूर्ण झाले की दोन दिवसांनी तारीख आहे. तोवर पुण्यात दिराच्या मित्राकडे राहणार, हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर.

नलूकाकू:
पुण्यात राहायचा निर्णय सगळ्यात चांगला. वार खाली असलेल्या बाईने शेवटचे आठवडे घाटापलीकडे राहू नये.

शेवंता:
झालं. तारखेच्या आधीच झालं. ३३ व्या आठवड्यात पहाटे रक्त सुरू झालं, १०८ ला फोन करेपर्यंत मित्रानेच गाडी काढली. मॅडमनी नंबर देऊन ठेवला होता, आम्ही पोचायच्या आत थिएटर तयार होतं, सही ट्रॉलीवरच घेतली. पूर्ण भूल दिली, तेव्हा तर दुसरा प्रश्नच नव्हता म्हणाल्या. सहा पॅक सेल, प्लाझ्मा वेगळा. मूत्राशयाला थोडं लागलं, ते शिवलं, लघवीची नळी दोन आठवडे राहील. रात्रभर व्हेंटिलेटरवर होती, दुसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली. मुलगी आहे, १८०० ग्रॅम, निघाल्यावर रडली नाही, मास्क लावून हवेच्या पिशवीने श्वास दिला, मग रडली. आता एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) सीपॅपवर, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर, आहे, डॉक्टर म्हणतात वाढेल. रक्तमित्र, तुमच्या यादीतले दोघं पहाटे पाचला येऊन उभे होते. काय बोलू.

रक्तमित्र:
काही बोलू नका. त्यांना कळवतो.

गुहागरी:
अभिनंदन गं! डोळ्यात पाणी आलं.

टेक्सासकर:
अभिनंदन शेवंता. तिला म्हणावं नंतर काही महिन्यांनी जरी एकदम रडू यायला लागलं तरी कुणाशी तरी बोल, 'सगळं ठीक झालंय ना मग आता काय' असं कुणी म्हणालं तर त्याला खोलीबाहेर काढ.

शेवंता:
दोन प्रश्न आहेत अजून. आवाज पार बसलाय तिचा, नळीमुळे का? आणि एवढी भुलीची औषधं गेलीत तर दूध काढून फेकायचं का, नर्स एक सांगते आणि सासूबाई दुसरं. दूध तसंही फार कमी येतंय.

भूलोबा:
आवाज नळीमुळेच, चार-पाच दिवसांत उघडेल, आठवड्याच्या पुढे राहिला तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. दूध फेकायचं नाही. आई शुद्धीवर येऊन धड बसू शकली की दूध चालतं, भुलीची औषधं त्यात नगण्य उतरतात. बाकी कुठली औषधं सुरू आहेत ते एनआयसीयूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

नलूकाकू:
फार रक्त गेलेल्या बायकांना दूध उशिरा येतं, पंपाने दर दोन-तीन तासांनी काढत राहा, थेंब आले तरी एनआयसीयूत द्या. पण आठवडा-दीड आठवडा होऊन अजिबातच येत नसेल, सोबत अतिशय थकवा, चक्कर, बीपी कमी असेल तर डॉक्टरांना शीहान सिंड्रोमबद्दल विचारा. रक्त कमी पडल्याने मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा होते, रक्ताच्या तपासणीत कळतं आणि औषधं आहेत. बहुतेक नसेलच, पण आपल्याकडे हे बरीच वर्षं 'बाळंतपणाचा अशक्तपणा' म्हणून खपवलं जातं.

मोगरा_१२:
धागा पूर्ण वाचला, वाचनखूण साठवली. माझं एक सिझर झालंय, आता २२ आठवडे, रिपोर्टवर 'लो लाईंग, अँटिरियर' लिहिलंय. आमच्या डॉक्टर म्हणतात काळजी करू नका. करू की नको?

नलूकाकू:
२२ आठवड्यांना खाली असलेली वार बहुतेकींची पुढे वर सरकते, त्यामुळे घाबरायचं नाही. पण तुमची पुढच्या बाजूला आणि जुना टाका आहे, म्हणून डॉक्टरांना सांगा की वार त्या व्रणावर आहे का हे मुद्दाम बघून रिपोर्टमध्ये लिहून हवंय, आणि ज्यांना ही केस बघायची सवय आहे अशा सोनोलॉजिस्टकडून. २८ ते ३२ आठवड्यांत पुन्हा करा. मधल्या काळात थोडंही रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, ताबडतोब हॉस्पिटल. हिमोग्लोबिन किती आहे तुमचं?

मोगरा_१२:
९.४

भूलोबा:
मग आधी ते बघा.